सुई टोचा म्हणायच्या आधी रिपोर्ट बघा म्हणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला थकव्यावर व्हिटॅमिनच्या इंजेक्शनचा लेख वाचला. दोनदा वाचला, म्हणलं आपलंच काही सुटलं असेल, पण आधी रक्त तपासा हे वाक्य काही सापडलं नाही. वर 'व्हिटॅमिन असल्याने अपाय नाही' असं ठळक अक्षरात. तुमच्या लेखकाला एकदा आमच्या घरी पाठवा, शेंगाचटणी-भाकरी खाऊ घालतो आणि आमच्या हिची फाईल दाखवतो.

मागच्या उन्हाळ्यात हिचे गुडघे लई दुखायचे, शेजारणीचं ऐकून ही जवळच्या एका दवाखान्यात गेली आणि तिथं दर आठवड्याला एक अशी ड जीवनसत्त्वाची पाच इंजेक्शनं झाली, प्रत्येक 6 लाख युनिटचं, रिपोर्ट वगैरे काही नाही, हात दाखवा, टोचून घ्या, पुढचा नंबर. त्यात आधीच्या डॉक्टरांनी दिलेली ड जीवनसत्त्वाचीच 60,000 युनिटची पुडी दर रविवारी दुधातून चालूच होती आणि रात्री कॅल्शियमची गोळी. ते आम्ही सांगितलं नाही ही आमची चूक, कबूल. पण विचारलंही नाही कुणी.

मी रिटायर झालो तरी हिशोबनीस आहे. पाच सुया म्हणजे 30 लाख युनिट. माणसाला दिवसाला लागतात 600 च्या आसपास. करा भागाकार. पावणेचौदा वर्षांचा शिधा महिन्याभरात भरला की हो!

मग मळमळ, उलट्या, पोट साफ नाही, सारखी तहान, रात्रीतून सहा वेळा उठणं. मे महिना, पारा 43 वर, आम्हाला वाटलं ऊन बाधलं, म्हणून मी तिला तांब्यावर तांब्या ताक पाजतोय, म्हणजे ड च्या जास्तीनं रक्तात कॅल्शियम वाढलेल्या बाईला वरून कॅल्शियमच. एक दिवस आमटी गॅसवर ठेवून मला विचारते, गड्ड्याला पोरं कधी येणार? गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वरांची जानेवारीतली जत्रा, ती मे महिन्यात! तेव्हा माझे पाय गळाले, रिक्षा केली आणि ॲडमिट केलं.

कॅल्शियम 13.4 निघालं, साडेदहाच्या आत पाहिजे. ड जीवनसत्त्वाच्या रिपोर्टवर '150 पेक्षा जास्त' एवढंच, त्याच्यापुढं मशीन मोजतच नाही म्हणे. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा, तोपण वाढलेला. पाच दिवस सलाईन. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर लिहून समजावलं की बी-12 पाण्यात विरघळतं, जास्तीचं बरंचसं लघवीतून जातं, पण ड चरबीत साठून राहतं आणि हळूहळू रक्तात उतरत राहतं. पुडी बंद तरी करता येते, टोचलेलं काढून कसं घेणार? दूध-दही बंद, पुढं तीन महिने दर पंधरा दिवसांनी रक्त. तुमच्या लेखात मात्र बी-12 आणि ड एकाच वाक्यात, एकाच मापात.

इंजेक्शनला माझा विरोध नाही, गैरसमज नको. मी स्वतः बी-12 चं ते लाल इंजेक्शन घेतो. बारा वर्षं शुगरची मेटफॉर्मिन खातोय, त्यानं बी-12 घटतं, हातापायाला मुंग्या यायच्या. पण आधी तपासणी झाली, मग आठवड्याला एक, आता महिन्याला एक. फरक पडला. हे असं सांगायला तुम्हाला दोन ओळी जास्त लागल्या असत्या, तेवढी जागा नव्हती म्हणावं तर त्याच पानावर खाली 'सहा सुयांचं पॅकेज, पहिली सुई मोफत' अशी हातभर जाहिरात आहे. योगायोग असेल, मी काही म्हणत नाही.

खुलासा छापा. पॅकेजच्या जाहिरातीएवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.

आपला जुना वाचक (बिल वेळेवर भरणारा),
अशोक चौक, सोलापूर

ता. क. : डॉक्टरीणबाईंनी हिला दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितलंय आणि आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी. त्याचं वेळापत्रक तुम्ही पान चारवर छापता ते मंगळवारी पुन्हा चुकलं, रात्री दोनपर्यंत घागरी मांडून बसलो होतो, पाणी सकाळी येऊन गेलं होतं.