हैतीचे चित्र घेताना आधी त्याची पाठ बघा

महोदय,

हैतीच्या 'सें-सोलेय' या गटाच्या चित्रकारांवरील आपल्या पुरवणीतला लेख चांगला आहे, पण 'चित्रातली देवता ओळखा आणि मग चित्र घ्या' हा सल्ला नवख्या संग्राहकाला महागात पडेल. चित्रकार आंद्रे पिएर हा व्होदू या हैतीतल्या धर्माचा पुजारीच होता. त्याच्या चित्रांतल्या देवता वेश, रंग आणि खुणांवरून ओळखता येतात. सें-सोलेयचे तसे नाही. या गटाचे संस्थापक तिगा आणि मोद रोबार यांनी 1973 मध्ये सोआसाँ-ला-मोंताञ या डोंगरी गावात ज्यांच्या हाती रंग दिले, त्यांतल्या बहुतेकांनी कधी ब्रश धरला नव्हता. गटातल्या प्रोस्पेर पिएर-लुई किंवा लेव्हॉय एक्झिल यांच्या ठिपक्याठिपक्यांच्या, एकमेकांत मिसळलेल्या आकृत्यांना ठरावीक नाव देता येतेच असे नाही. विक्रेता मात्र हृदयाचा आकार दिसला की 'एर्झुली' ही प्रेमाची देवी आणि साप दिसला की 'दांबाला' हा सर्पदेव अशी चिठ्ठी लावून मोकळा होतो. त्या चिठ्ठीसाठी जादा पैसे मोजू नयेत.

त्यापेक्षा चित्र उलटे करून पाहावे. मेसोनाइटच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची मागची बाजू सहसा जाळीदार असते. दमट हवेत तिच्या कडा फुगतात, कोपऱ्यांचे पापुद्रे सुटतात आणि तिथूनच रंग उडायला लागतो. जुन्या म्हणवणाऱ्या फळीच्या कडा ताज्या कापलेल्या दिसत असतील, तर कारण विचारावे. सही अतिनील टॉर्चखाली तपासावी. वार्निशवर मागाहून केलेली सही बऱ्याचदा वेगळी, काळपट उठून दिसते. हैतीचा जुना चित्रकार एक्तोर इपोलित याच्या नावावर नकली माल बराच फिरतो. तो 1948 मध्येच वारला आणि पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग बाजारात आले ते त्यानंतर. तो फर्निचरचा एनॅमल वापरी. त्यामुळे प्रयोगशाळेत मूळ रंगथर अॅक्रिलिकचा निघाला, तर चित्र त्याचे नव्हे.

राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे 'साँत्र दार' हे कलाकेंद्र 1944 चे. तिथला शिक्का किंवा नोंद क्रमांक पाठीवर असेल, तर केंद्राकडून पडताळून घ्यावा. शिक्काही बनावट असू शकतो. 12 जानेवारी 2010 च्या भूकंपात केंद्राची इमारत कोसळली. 'ढिगाऱ्यातून वाचवलेले' म्हणून कोणी चित्र विकत असेल आणि आधीच्या मालकाचा कागद नसेल, तर भावाची बोलणीसुद्धा करू नयेत.

पाठवणीत होणारे नुकसान वेगळेच. अॅक्रिलिकचा थर उष्णतेने मऊ पडतो आणि त्यावर थेट गुंडाळलेल्या बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे गोल ठसे कायमचे उमटतात. रंगाला लागून सिलिकॉन लावलेला, न चिकटणारा कागद हवा, प्लास्टिक त्याच्यावर. कॅनव्हास गुंडाळावाच लागला, तर रंगाची बाजू बाहेर ठेवून रुंद नळीवर गुंडाळावा. आत ठेवली की रंग दाबला जाऊन त्याला चुण्या पडतात. मेसोनाइट अर्थातच गुंडाळता येत नाही. त्याला कोपरे झाकणारी लाकडी पेटीच लागते आणि तिचा खर्च सौदा ठरवतानाच धरावा.

– एक संग्राहक वाचक