यवतेश्वर घाटातल्या दूधवाल्या पाव्हण्यांस

पाव्हणं, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं. तुम्हीही माझं विचारलं नाहीत, 'पाव्हणं' म्हणालात आणि कामाला लागलात. म्हणून मीही तेच म्हणतो. हे पत्र तुमच्या हाती पडेल याची खात्री नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ओळखीत कासच्या बाजूच्या गावातले, लाल एम-८०ला किटल्या लावून साताऱ्यात दूध घालणारे, साठीच्या आतबाहेरचे गृहस्थ असतील तर त्यांना हे वाचून दाखवा. एका किटलीच्या झाकणाला निळी सुतळी बांधलेली आहे. माझ्याकडं तेवढीच खूण आहे.

तीन आठवडे झाले. पोरीच्या कोपराची खपली पडली, माझी काही पडत नाही.

सुरुवात माझ्यापासूनच करतो, कारण तुम्हाला मी त्या दिवशी खरं सांगितलं नव्हतं. लेक नववीत आहे. गेल्या दिवाळीत तिला गियरची सायकल घेतली. पावसाळा संपता संपता पुढचा ब्रेक चिरकायला लागला. जिथून घेतली त्या दुकानात गेलो. काचेचं दुकान, आत एसी, भिंतीवर दोन-दोन लाखांच्या सायकली टांगलेल्या. काउंटरवरच्या पोरानं मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "ठेवून जा सर, पंधरा दिवस लागतील." म्हटलं, बाबा नुसता बघ तरी. तर म्हणे बघायचेही पैसे पडतील. सायकल विकत घेताना ह्याच पोरानं पाणी विचारलं होतं, चहा विचारला होता, लेकीला टोपी दिली होती.

मला राग आला. आणि रागाबरोबर थोडी मस्तीही आली, हे कबूल करतो. माझ्या वडिलांची काळी चोवीस इंची सायकल होती, पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०. दांडीखालून पाय घालून मी तिच्यावर शिकलो. घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब दाबायची, बुडबुडा दिसला की बोट ठेवायचं, घासायचं, सोल्यूशन लावून फुंकर मारायची, हे सगळं सातवीत असताना येत होतं. पंक्चर येतं म्हणजे सायकल येते, असा माझा पस्तीस वर्षांचा समज. त्यात मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले. बाजारातून ब्रेकची नवी रबरं आणली आणि शनिवारी संध्याकाळी गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून बसलो. पत्र्याच्या खोबणीतली जुनी काढली, नवी घातली. चाक फिरवून ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी थांबलं. बायकोला बोलावून दाखवलं. "वाचले की नाही पैसे!"

पेपरवर टाचणीएवढ्या दोन पिना उरल्या होत्या. जास्तीच्या असतील म्हणून काडेपेटीत टाकून ठेवल्या. रबरावर बारीक अक्षरात डावं-उजवं लिहिलेलं असतं आणि बाणही असतो, हे मला आता माहीत आहे. त्या संध्याकाळी चष्मा आत टीव्हीजवळ होता.

रविवारी पहाटे समर्थ मंदिरावरून आम्ही दोघं निघालो. चढाला ब्रेक कशाला लागतोय? घाटात मी तीनदा थांबलो, एकदा उतरून सायकल हातात धरली, लेक पुढं जाऊन माझी वाट बघत उभी. यवतेश्वरलाच मागं फिरायला हवं होतं, पाय सांगत होते. पण कासला जायचं असं तिला कबूल केलेलं. गेलो. फुलांचा बहर ओसरलेला, गर्दीही ओसरलेली. ज्या पठाराला २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, ते त्या सकाळी आम्हा दोघांपुरतंच होतं. तिनं डब्यातला पराठा खाल्ला, मी श्वास खाल्ला.

मग उतार. कास समुद्रसपाटीपासून बाराशे मीटर, सातारा सातशेच्या जवळपास. म्हणजे पाचशे मीटरचा उतार, आणि तो अडवायला चार रबराचे तुकडे, प्रत्येक माझ्या तर्जनीएवढा. मी कारकून माणूस. हा हिशेब आधी करायला हवा होता, आता रोज रात्री करतो. वेग दुप्पट झाला की थांबायला जागा चौपट लागते. आणि उतारावर ब्रेक दाबला की बहुतेक भार येतो पुढच्या चाकावर. मी उद्योग केला होता तो नेमका पुढच्याच ब्रेकवर.

घाटातल्या एका वळणाच्या अलीकडं ती ओरडली, "बाबा, ब्रेक!" पत्रा रिमवर घासल्याचा आवाज आला. तिनं मागचा ब्रेक आवळला, दोन्ही पाय टेकवले आणि सायकल डोंगराच्या अंगाच्या गवतात घातली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला घातली असती तर... ते वाक्य मी पुरं करत नाही.

कोपर सोललं, गुडघा फुटला, एवढंच. मी सायकल टाकून धावलो. पुढचं डावं रबर जागेवर नव्हतंच. वीस-पंचवीस पावलं मागं रस्त्यात पडलेलं सापडलं.

तुम्ही येण्याआधी कोण कोण गेलं, तेही सांगतो. एकसारख्या जर्सी घातलेला सात-आठ जणांचा सायकलवाल्यांचा जथा गेला. एकजण म्हणाला, "टेक केअर अंकल!" दुसरा जरा हळू झाला, सायकलकडं बघितलं, पोरीकडं नाही, आणि म्हणाला, "डिस्क ब्रेक घ्यायचा होता ना." गेला. एका गाडीनं आम्ही रस्त्याच्या कडेला नीट उभे असताना हॉर्न दिला. त्या जथ्यातल्या निम्म्या लोकांच्या खोगिराखाली अवजारांची पिशवी लटकत होती. घाटात पळायचा सराव करणारी दोन पोरं मात्र थांबली, आपली पाण्याची बाटली देऊन गेली. तेवढं त्यांच्या नावावर लिहून ठेवायला पाहिजे.

आणि मग खालून तुमची एम-८० आली, रिकाम्या किटल्या वाजवत. तुम्ही घरी निघाला होता. पहाटेपासूनचं काम संपवून घरी निघालेल्या माणसाला थांबायचं काय कारण? तुम्ही गाडी स्टँडवर लावली, आधी पोरीजवळ गेलात, "बघू बाळा, हात हलवून दाखव," म्हणालात. बोटं मिटून उघडायला लावलीत. मगच सायकलकडं वळलात.

उकिडवे बसून तुम्ही ब्रेक बघितला. रस्त्यातून उचललेलं रबर माझ्याकडून घेतलंत, उलटसुलट केलंत. आणि वर न बघता विचारलंत, "कुणी बसवलंय हे?"

मी म्हणालो, "दुकानात."

पाव्हणं, सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पोरगी शेजारी रक्त पुसत उभी, आणि मी खोटं बोललो. तिला ठाऊक होतं. आदल्या दिवशी गॅलरीत मला बॅटरी तिनंच धरून दाखवली होती. ती काही बोलली नाही.

तुम्ही वर बघितलंत. माझ्या तोंडाकडं नाही, हाताकडं. माझ्या नखांत शनिवारचं काळं ग्रीस तसंच होतं. तेवढ्यात तुम्हाला सगळं कळलं, हे मलाही कळलं. आता एक वाक्य येणार म्हणून मी मान खाली घातली. आपल्याकडं अशा वेळी येणारी वाक्यं ठरलेली असतात. "येत न्हाय तर करायचं कशाला," "शिकलेली माणसं तुम्ही," वगैरे. ती सगळी मला लागू होती.

तुम्ही किटलीला अडकवलेलं फडकं काढून माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "मग त्या दुकानदाराला माझा एक निरोप द्या."

माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ती. रबर, ब्रेक, सायकल हे सगळं त्याच्या मागून. तुम्ही मला उघडं पाडू शकत होता, माझ्या लेकीसमोर, आणि त्यात तुमची काही चूकही नव्हती. त्याऐवजी तुम्ही दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा केलात आणि जे काही सुनवायचं ते त्याला सुनावलंत.

"त्याला म्हणावं, ह्या खोबणीचं एक तोंड बंद असतंय, एक उघडं. बंद तोंड पुढच्या अंगाला पाहिजे. चाक रबराला पुढं ओढतंय. बूट उलटा घालून उतारानं चालला तर पाय भायेर येनार का न्हाय? तसंच झालंय हे." आणि तुम्ही पायातली चप्पल काढून रिमला लावून दाखवलीत. "आनि हितं बारीक पिन असती. ती कुठं गेली इचारा त्याला." काडेपेटीत आहे, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"पंक्चर काढू दे त्याला, चेनला त्याल घालू दे, शीट खालीवर करू दे. पर ब्रेकला हात लावताना शेजारी जानता मानूस बसवून घे म्हणावं. दुसऱ्याची पोरगी बसती त्याच्यावर." दुसऱ्याची पोरगी म्हणालात तुम्ही. तेव्हा मला हातातलं फडकं डोळ्याला लावावं लागलं. त्याला दुधाचा वास होता.

बोलता बोलता कळलं की तुम्ही तरुणपणी साताऱ्यातच सायकलच्या दुकानात बारा वर्षं काम केलंय, सायकली तासावर भाड्यानं मिळायच्या तेव्हा. मला वाटलं, सुटलो, कारागीर भेटला, आता हे बसवून देतील. तुम्ही बसवलंतही. रबर सुलटं केलंत, पिनेच्या जागी तार ओवून पीळ दिलात, सायकल पुढं ढकलून दोनदा ब्रेक दाबून बघितलात. चाक थांबलं. मी सायकल घ्यायला हात पुढं केला, तर तुम्ही ती सोडली नाही. जरा वेळ नुसतं बघत बसलात. मग तार कापून टाकलीत आणि रबर काढून माझ्या हातात दिलंत.

"बसलंय. पर पोरीला न्हाय बसवायची यावर. माझा हात दांडीच्या ब्रेकावर बसलेला, पाव्हणं. वायरच्या ब्रेकातलं थोडं कळतंय, घाटाएवढं न्हाय कळत."

मी दोन व्हिडिओंवर केलं ते काम बारा वर्षं सायकली जोडलेल्या माणसानं नको म्हटलं. समोर मी आशेनं बघत उभा असताना म्हटलं. त्या दुकानातल्या पोरालाही ब्रेक येत असेल, जर्सीवाल्यांनाही येत असेल, माझ्यापेक्षा नक्कीच जास्त. पण आपल्याला किती येत नाही हे एवढ्या मोकळेपणानं, एका अनोळखी माणसापुढं, कमीपणा न वाटता सांगणारं कुणी मी बरेच दिवसांत बघितलं नव्हतं. कचेरीत तर नाहीच. आमच्या कचेरीत 'मला येत नाही' हे वाक्य निवृत्तीच्या भाषणातच ऐकायला मिळतं, तेही हसण्यावारी.

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. रिकामे क्रेट घेऊन साताऱ्याकडं चाललेला पिकअप तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभं राहून थांबवलात, ड्रायव्हरला नावानं हाक मारून दोन्ही सायकली मागं चढवल्यात. मी म्हणालो माझी सायकल बरी आहे, मी चालवत येतो. तुम्ही माझ्या पायांकडं बघितलंत. ते थरथरत होते. "पाव्हणं, तुमीबी बसा," म्हणालात. बसलो.

पैसे काढले तेव्हा तुम्ही किक मारत होता.

सायकल आता गोडोलीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं नेतो. पहिल्या दिवशीच त्यांना सगळं खरं सांगितलं, काडेपेटीसकट. ते पोट धरून हसले आणि मला शेजारी पाट दिला. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, कसा काढतात ते बघतो, हात लावत नाही. पंक्चर माझं, चेन माझी.

घरात लेक मला 'दुकानदार' म्हणते. "दुकानदार, हवा भरून ठेवा." पाहुणे आले की त्यांना हे काय म्हणून विचारावं लागतं आणि मग तिला सगळी गोष्ट सांगायला मिळते. पिन, रबर आणि खोटं, काही गाळत नाही. तुमची चप्पल रिमला लावून दाखवायचा प्रसंग ती फार छान करते.

गेले दोन रविवार आम्ही मोटरसायकलवरून त्या वळणावर साडेनऊला येऊन थांबलो. पहिल्या वेळी अर्धा किलो कंदी पेढे होते. दोन दूधवाले भेटले, त्यांनी निळी सुतळी बघितल्याचं आठवत नाही म्हणून सांगितलं, पेढे मात्र घेतले. दुसऱ्या रविवारी पाऊस आला. येत्या रविवारी परत येतोय. तुमचं फडकं धुऊन, घडी घालून सोबत आणतो. ते त्या दिवशी माझ्याच खिशात राहिलं.

आणि हो, निरोप पोचला.

तुमचा,
दुकानदार