भातुकलीतला राग

महोदय,

मुलांच्या चिडकेपणाचं खापर सगळे मोबाइलवर फोडतात. पण बालवाडीत भातुकली मांडली की कुणाच्या घरी कोण कसं ओरडतं, ते आम्हा बाईंना आपसूक कळायचं. एक चिमुरडी बाहुलीला दटावायची, "थांब, बाबांना येऊ दे!" दुसरा चिडला की भिंतीकडे तोंड करून गप्प बसायचा, त्याचे वडीलही म्हणे घरात अबोला धरायचे. (हाही रागच, फक्त आवाज नसलेला.) १९६१मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांच्या प्रयोगात, मोठ्यांना बाहुल्याला बडवताना पाहिलेली मुलं तशीच बडवू लागली, शब्दही तेच. पालकसभेत प्रगतिपुस्तकाआधी घरातल्या भांडणांविषयी बोललं जावं, ही शाळांना विनंती.

– एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, सातारा