माळावरची सायकलवाट : जेसीबीआधी मेंढपाळाला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धाराशिवात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तेवीस वर्षं झाली. आधी दूधवाले आणि शाळेची पोरं एवढंच गिऱ्हाईक होतं. आता सात-आठ वर्षांपासून जाड टायरच्या, डिस्क ब्रेकच्या, गिअरच्या सायकली यायला लागल्या आहेत. डॉक्टर, बँकेतली माणसं, कॉलेजची पोरं रविवारी पहाटे येडशीच्या बाजूला डोंगरात, माळावर जातात आणि नऊ-दहाला सायकल हातात धरून चालत माझ्या दारात येतात. त्यांचं चालणं बघूनच मी घमेल्यात पाणी ओततो.

टायरमधून निघालेला काटा मी फेकत नाही, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो. बायको म्हणते, हे कसलं वेड. पण त्या डब्यानं मला बालाघाटचा अर्धा डोंगर शिकवला आहे. बाभळीचा काटा लांब, पांढरा, सरळ. तो आला की समजावं, गडी ओढ्याकाठानं आला. वेड्या बाभळीचा आत मोडतो आणि बोट फिरवल्याशिवाय सापडत नाही. आणि सराटा. हरभऱ्याएवढं कडक फळ, पण कसंही पडलं तरी एखादं टोक वर राहतंच. बैलाच्या डोक्याला शिंगं असावीत तसा दिसतो. सराट्याची खोड अशी, की तो गवताच्या दाटीत फारसा वाढत नाही. त्याला उघडी, उकरलेली जमीन लागते : रस्त्याची कड, बांधाचा उकीर, मुरूम ओढलेली जागा.

हे सांगायचं कारण म्हणजे, आमच्या भागातल्या माळावर सायकलींसाठी ‘ट्रॅक’ करायचा, पर्यटन वाढवायचं, असं बोलणं दुकानात वरचेवर कानावर येतं. विचार चांगला आहे, धंदा माझाही वाढेल. पण कामाची सुरुवात जेसीबीनं होणार असेल तर मला दोन शब्द बोलायचे आहेत.

दोन वर्षांपूर्वी एका गावाजवळच्या टेकडीवरची पायवाट अशीच ‘सुधारली’. मेंढरांची वाट होती, हातभर रुंद, टेकडीला आडवी आडवी वळत वर जाणारी. मी स्वतः तिच्यावरून साधी सायकल ढकलत गेलोय, माथ्यावरून पवनचक्क्या बघायला. कुणाच्या तरी डोक्यात आलं की एवढी वळणं कशाला. मशीन आणलं, टेकडीच्या नाकासमोर सरळ बारा फुटी पट्टा वर काढला, मुरूम ढकलला, फोटो झाले. जूनच्या पहिल्या दोन वळवांत पाणी त्या पट्ट्यानंच धावत खाली आलं. मुरूम खालच्या शेतात गेला आणि पट्ट्याच्या मधोमध गुडघाभर खोल घळ पडली. दुसरा पावसाळा सरल्यावर कडेनं सराट्याचे वेल पसरले. दिवाळीनंतर एका गिऱ्हाइकाच्या दोन टायरांतून मी एकोणीस सराटे काढले. जुन्या मेंढरवाटेनं आलेल्या सायकलीत एवढे काटे मी कधी पाहिले नाहीत.

मेंढरू शहाणं असतं. ते डोंगर कधी सरळ चढत नाही. जगभर डोंगरी सायकलींच्या वाटा बांधणारे जाणकार जो ठोकताळा वापरतात तोही हेच सांगतो : वाटेचा उतार टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, आणि सरासरी शंभर फुटांमागे दहा फुटांपेक्षा जास्त चढ नको. म्हणजे पाणी वाट ओलांडून पलीकडं उतरतं, वाटेलाच ओढा समजून तिच्यातून पळत नाही. वाट थोडी बाहेरच्या अंगाला कलती ठेवायची, एवढीच काय ती कारागिरी. आमचे वडील १९७२ च्या दुष्काळात कामावर होते. समतल बांध कसा धरतात हे त्या पिढीला कुणी इंग्रजीतून शिकवावं लागलं नव्हतं.

माझी भाची नर्स आहे, कामासाठी ब्रिटनमधल्या वेल्समध्ये असते. सुट्टीच्या दिवशी सायकल चालवते आणि तिथून व्हिडिओ कॉल लावते. एलन व्हॅली नावाचं डोंगराळ खोरं आहे. एकामागं एक दगडी धरणं, वर उघडाबोडका माळ, झाड नाही, नुसतं गवत आणि हेदरची खुरटी झुडपं. माळ म्हणजे आपल्यासारखा कोरडा मुरमाड नव्हे. खाली पीटची काळी, स्पंजासारखी माती, पाय ठेवला की पाणी सुटतं. तिथं वाटेबाहेर चाक गेलं की ओरखडा वर्षानुवर्षं बुजत नाही म्हणे. ही धरणं १८९३ साली बांधायला घेतली, बर्मिंगहॅम शहराला पाणी द्यायला. ते पाणी पंप न लावता, नुसत्या उतारानं, ७३ मैल जातं. दगड-सामान वाहायला तेव्हा खोऱ्यात रेल्वे टाकली होती. रूळ कधीच निघाले. त्या भरावावरून आता सायकली आणि चालणारी माणसं जातात. मामा, म्हातारी माणसंसुद्धा चालवतात हो, म्हणाली. मी म्हटलं, चालवणारच, आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून तिची वाट आधीच सौम्य असते.

आणि मग मला आपली बार्शी लाइट रेल्वे आठवली. कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअर साहेबाची, अडीच फुटी अरुंद रुळांवरची गाडी, १८९७ ला कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत आली, पुढं १९११ मध्ये लातूरला पोचली. येडशी ते पांगरी ती रामलिंगच्या घाटातून जायची. रुंद रूळ आले तेव्हा मार्ग धाराशिव शहरावरून वळवला आणि घाटातली जुनी लाइन सुटली. (त्याच नव्या रुळांवरून २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. वेल्सच्या रेल्वेनं धरणाचे दगड वाहिले, आपल्या रेल्वेला पाणीच वाहावं लागलं. असो.) त्या जुन्या लाइनीचा भराव जिथं शाबूत आहे तिथं नवशिक्याला, लेकराबाळांना सायकल चालवायला त्याहून सोपी चढण सापडायची नाही. नवं काही खणायचं नाही. झुडपं छाटायची, मोऱ्या मोकळ्या करायच्या, पुलांना कठडे लावायचे.

अडचण आहे ती मी लपवत नाही. रामलिंग घाट १९९७ पासून अभयारण्य आहे, जेमतेम साडेबावीस चौरस किलोमीटरचं. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक घालणं बरोबर नाही आणि कायद्यानंही चालत नाही. जागा रेल्वेची किती, वनाची किती, हे कागद सरकारनं बघावेत. श्रावणी सोमवारी देवाला येणारी गर्दी आणि सायकली एका वाटेवर नकोत, एवढं तर माझ्यासारख्यालाही कळतं. वानरांना बिस्किटं घालणाऱ्यांबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.

अभयारण्याबाहेरच्या माळाचं मात्र लगेच काही करता येईल. सातबाऱ्यावर त्याला पडीक म्हणतात म्हणून तो रिकामा होत नाही. चंडोल, टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीची अंडी खड्यांत खडा, मी एकदा बूट टेकवायच्या बेतात होतो. भाची सांगते, तिकडच्या खुल्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा साखळीशिवाय न्यायचा नाही असा कायदाच आहे, पाखरांची घरटी म्हणून. आपल्याकडंही विणीच्या दिवसांत काही टेकड्या सायकलींना बंद ठेवता येतील. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस तर बंदच. त्यात सायकलवाल्याचंही हित आहे : काळी माती टायर आणि चिमट्याच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) मध्ये अशी भरते की चाक फिरत नाही, मग मला स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडत बसावं लागतं.

माझं मागणं एवढंच आहे. मशीन लावायच्या आधी तिथल्या मेंढपाळांना बरोबर घेऊन एक दिवस टेकडी फिरा, त्यांच्या वाटा कागदावर घ्या. वळणावर चुना लावलेला दगड ठेवा. मेंढरं समोर आली की सायकलनं उतरून थांबायचं, हा नियम पाटीवर पहिला लिहा. आणि दरवर्षी पावसाळ्याआधी गावातल्याच दोन माणसांना फावडं-घमेलं देऊन पाणी काढून द्यायचं काम रोजगार हमीत बसतं का ते बघा. बारा फुटी पट्ट्याला लागलेल्या डिझेलात हे किती वर्षं चाललं असतं, याचा हिशेब ज्यांनी बिल काढलं त्यांनीच करावा.

जाता जाता गिऱ्हाइकांना एक. डोंगरात जाताना टायर दगडासारखा टणक करून घेऊ नका. जाड टायरला तीस पौंडाच्या (पीएसआय) आसपास हवा पुष्कळ झाली. साठ भरून आलात तर सायकल खड्यावर उसळते आणि तोल जातो. मी हवा काढून देतो तेव्हा लोकांना वाटतं मी फसवतोय. भरायचे पैसे घेतात, काढायचे मी आजवर घेतलेले नाहीत.

बुधवारी दुकान बंद असतं. सराट्याचा डबा कुणा अधिकाऱ्याला बघायचा असेल तर घेऊन येतो, टेकडीही दाखवतो. वर जायला मात्र सायकल आणावी, गाडी त्या घळीपाशी अडते.

आपला,
एक सायकल दुरुस्तीवाला,
धाराशिव