क्लोकरूमच्या लायनीत भेटलेल्या भाऊले, मायकडून अन् माझ्याकडून

भाऊ, जय भीम.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, नंबरही घेतला नाही, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहून राहिलो. तुम्ही वाचाल, नाहीतर तुमच्या ओळखीतलं कोणी वाचून सांगेल. मागच्या महिन्यात सकाळी सीएसएमटीच्या क्लोकरूमच्या लायनीत एक म्हातारी, तिचा पोरगा, नातू आणि तुरीच्या डाळीचं एक पोतं उभं होतं, आठवते का? तेच आम्ही, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातले.

बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसने आलो होतो, जायचं होतं रत्नागिरीकडे, लहान भाऊ तिकडे झेडपीच्या शाळेवर मास्तर आहे, त्याला मुलगी झाली तिला पाहायला. कोकणकन्या रात्री अकराची, म्हणजे अख्खा दिवस मुंबईत अन् आमच्यापैकी कोणीच मुंबई पाहिलेली नाही. मी मोबाईलमध्ये लिस्ट करून आणली होती, गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू, सगळं एका दिवसात करायचं म्हणून. आणि इथे पहिल्याच खिडकीवर अडकलो, कारण ज्या सामानाला कुलूप नाही ते क्लोकरूममध्ये घेत नाहीत, तसा नियमच आहे, आम्हाला माहीत नव्हता. पोत्याला कुठून कुलूप लावणार? माय म्हणे, "तुमी जाऊन या बापा, मी बसतो इथी पोत्यापाशी."

ते बोलणं ऐकूनच तुम्ही मागे वळले. "अमरावतीकडचे का हो?" तुम्ही स्वतः दर्यापूरकडचे, सतरा वर्षं झाली मुंबईत, रात्रपाळी करून घरी जात होते, डोळे लाल झाले होते तुमचे. तरी बाहेर जाऊन मोठी चेनची बॅग अन् दोन छोटी कुलपं घेऊन आले, पोतं गुंडाळून बॅगेत बसवलं, कुलूप लावलं, किल्ली मायच्या हातात दिली. पैसे पुढे केले तर फक्त बॅगेचे घेतले.

मग तुम्ही माझी लिस्ट वाचली. मला काहीच बोलले नाही, मायला विचारलं, "माय, तुमाले काय पायाचं हाये?" भाऊ, खरं सांगतो, मी हे तिला विचारलंच नव्हतं. आठ दिवस लिस्ट करून राहिलो होतो अन् तिला एकदाही विचारलं नाही. ती पटकन म्हणाली, चैत्यभूमी. आणि हळूच, समुद्र.

"तं मंग दोन्ही एकाच जागी हाये," तुम्ही म्हणाले, अन् आमच्या तिकिटाच्या कागदामागे पेनाने रस्ता काढून दिला. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. सकाळी सगळी मुंबई सीएसएमटीकडे येते, तुम्ही उलटे जाता, म्हणून स्लो लोकलमध्ये बसायला जागा भेटते, तिकीट पाच रुपये. दादरला पुलावरून वेस्टला निघा, तिथून टॅक्सी करा, मायला चालवू नका. येताना साडेचारच्या आत दादरचा पूल ओलांडा, नंतर घरी जाणाऱ्यांची गर्दी सुरू होते, पण सीएसएमटीकडे येणारी लोकल तेव्हाही मोकळीच असते. यातला शब्द न् शब्द खरा निघाला. पोराला खिडकी भेटली, तो मस्जिदपासून दादरपर्यंत स्टेशनांची नावं मोठ्याने वाचत होता.

आता जे सांगायचं ते सांगतो. माझ्या मायच्या बापानं, आबानं, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेतली होती. आमच्या घरात सण म्हणजे तो. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत अन् 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. 7 तारखेला दादरला अंत्यसंस्कार झाला, पण आबाकडे मुंबईच्या गाडीला पैसे नव्हते. ते पुढे कधीच जमलं नाही. माय दीक्षाभूमीवर दरवर्षी जाते, चैत्यभूमीचं नुसतं ऐकलं होतं.

सांचीसारखं ते तोरण दिसलं तशी ती बोलायची थांबली. बाहेरून मेणबत्त्या घेतल्या होत्या. आत एक लावली, हात जोडले, मग पाकिटातून दुसरी काढली अन् पहिलीच्या जोतीवर पेटवून बाजूला ठेवली. मला म्हणे, "हे आबाची." वारा येत होता, दुसरी सारखी विझायला करे, ती तळहाताचा आडोसा धरून तिथेच उभी राहिली, मेण बोटावर सांडलं तरी हात काढला नाही.

मग मागच्या बाजूला समुद्र. ओहोटी होती, वाळूत उतरता आलं. पोरगा पाण्याकडे पळाला, मी दूर सी लिंकचे फोटो काढून राहिलो होतो, अन् माय चपला हातात धरून समुद्राकडे पाठ करून घुमटाकडेच पाहत उभी. तिचा समुद्रही तेवढाच पाहून झाला. एवढं करून अडीच तास तिथे होतो, कुठे पळापळ नाही.

परत येऊन तुम्ही सांगितल्याप्रमाणे वेटिंग रूममध्ये मायला झोपवलं, अंधार पडल्यावर रस्त्यापलीकडून स्टेशन पाहिलं. 1888 मध्ये बांधून झालेली ती इमारत 2004 पासून जागतिक वारशात आहे, हे पोराला तिथेच फोनवर वाचून दाखवलं. त्याला मात्र गेटवरचा दगडी सिंह अन् वाघच आवडला. गेटवे राहिलं, जुहू राहिलं, कोणालाच काही वाटलं नाही.

सकाळी तुम्ही निघताना मायनं बॅगेचं कुलूप उघडून तुमच्या रिकाम्या डब्यात डाळ भरून दिली होती. तुम्ही नाही नाही म्हणत होते, ती ऐकते काय. आता रोज विचारते, "त्या पोराचा नंबर काऊन नाई घेतला तू?" तिला उत्तर नाही माझ्याकडे. यंदाची तूर निघाली की डाळ भरडून पाच किलो तुमच्या नावाची बाजूला काढून ठेवतो म्हणाली आहे, पत्ता भेटला की पाठवतो. दर्यापूरला घरी आले तर बडनेऱ्यावरून आमचं गाव दूर नाही, मुलाबाळांना घेऊनच या.

तुमचा,
पोतंवाला भाऊ