सही करण्याआधी एवढं वाच

प्रिय बाबू,

सप्रेम नमस्कार.

अण्णाचं संमतीपत्र एव्हाना तुला डोंबिवलीला मिळालं असेल. तुमच्या सामायिक घराच्या पुढच्या गाळ्यात त्याचं भाड्याचं दुकान, आणि तिथेच तो बियर शॉपीचा परवाना मागतोय, म्हणून सगळ्या मालकांच्या सह्या हव्यात. पुण्याच्या काकांनी केली म्हणे. तुझी राहिली. फोनवर हे नीट बोलणं होत नाही, तू कायम लोकलमध्ये नाहीतर मीटिंगमध्ये, म्हणून लिहायलाच बसलो.

आधी अण्णाची बाजू सांगतो, कारण इथे ती कोणी धड ऐकून घेत नाही. किराण्यात आता सुटतं काय? ज्याच्या दारात बाईक आहे तो महिन्याचं सामान मालवणातून नाहीतर कुडाळातून भरतो. अण्णाकडे लोक येतात ते अडीनडीला आणि उधारीला. जून-जुलैची मासेमारी बंदी लागली की अर्धी वाडी त्याच्या वहीवर जेवते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या की फेड सुरू, तीही मासळी मिळाली तर. आणि दुसरीकडे तारकर्लीला जाणाऱ्या गाड्या दारात थांबतात, काच खाली होते, "थंड बियर आहे का?" नाही म्हटलं की पाण्याची एक बाटली घेऊन गाडी पुढे. "माज्या दारातसून गिऱ्हाईक मालवणाक जाता, ता मी नुसता बघीत बसू?" असं तो म्हणतो. यात खोटं काहीच नाही.

हे त्याच्या डोक्यात आजचं नाही. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवू द्यायचा निर्णय सरकारने घेतला तेव्हाच त्याचे कान टवकारले होते. पण अट होती निदान हजार चौरस फुटांच्या दुकानाची, आणि अण्णाच्या गाळ्यात तेलाचे डबे ठेवले की गिऱ्हाईक तिरकं उभं राहतं. तो निर्णय पुढे बारगळलाच. आता बियर शॉपी, म्हणजे सीलबंद बियर आणि वाइन, जागेवर प्यायची नाही.

वाडीत दारू येणार म्हणून गळा काढणाऱ्यांतला मी नाही. दारू आहेच. काजूच्या दिवसांत बोंडूची गावठी आणि बारमाही गोव्याची. इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो, न पकडलेल्या कुठे जातात ते तुलाही ठाऊक आहे. शिवाय माझ्या होमस्टेचे पाहुणे आल्या आल्या हेच विचारतात. शॉपी झाली तर माझी सोयच. तरी सांगतो, सही करू नको. निदान आत्ता नको.

परवा अंतर मोजायला माणसं आली होती. शाळेपासून 75 मीटर लांब हवं, असा नियम. मोजतात ते माणूस एरवी पायी जातो त्या वाटेने, दुकानाच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत. फाटक पलीकडे, विहिरीच्या अंगाला, त्यामुळे टेप फिरत फिरत गेली आणि आकडा नियमात बसला. कायद्याने बरोबर. पण टेप धरून ती माणसं वळणावर पोचली असतील नसतील, तेवढ्यात मधली सुट्टी झाली आणि पोरं नेहमीसारखी शाळेमागच्या दगडी गडग्यावरून टणाटण उड्या मारून अण्णाच्या दारात हजर, शेंगदाण्याच्या चिक्कीला. तो गडगा आपणच पाडून ठेवला होता ना? फाटकातून त्या शाळेत फक्त गुरुजी जातात.

आता प्यायचं कुठे? जागेवर बंदी, म्हणजे एसटीच्या शेडमध्ये नाहीतर किनाऱ्यावर. तशा बाटल्या आजही पडतात. गेल्या मोसमात किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना खालच्या वाडीतल्या एकाच्या टाचेत काच गेली, हिरवी, बाटलीच्या बुडाची. रापण ओढायची तर पाय वाळूत रोवावे लागतात, बूट घालून कोण ओढणार? तो महिनाभर घरी बसला आणि त्याच्या घरचं सामान कुठून गेलं? अण्णाच्या वहीवरून!

खरी गोम त्या वहीतच आहे. बायकांची बैठक देवळात झाली, मी बाहेर चपला राखत उभा होतो असं समज. खालच्या घरची काकी, जी कधी चार माणसांत बोलत नाही, ती म्हणाली, "आज वयेत तांदूळ, साकर, च्याय पावडर लिवता. उद्या तेच्या खाली 'इतर' लिवतलो. माका वाचूक येना नाय, पण 'इतर' म्हंजे काय ता कळतला." सगळ्या गप्प झाल्या. आज नवऱ्याला बियर प्यायची तर रोख पैसा लागतो आणि मालवणला जावं लागतं. उद्या तांदळाच्याच पानावर बाटली चढेल. अण्णा शपथेवर सांगतो की बियर उधार देणार नाही. पण ज्याच्याकडे दहा हजार अडकलेत त्याला एका बाटलीसाठी दुखवणं त्याला जमेल का? बियरला 21 वर्षं पुरी हवीत, आणि वाडीतल्या प्रत्येक पोराचं वय अण्णाला तोंडपाठ आहे. तरी नाही म्हणणं कठीणच.

ग्रामसभेत विषय आला तेव्हा विरोधाला हात वर करा म्हटल्यावर मोजकेच झाले. बैठकीत तावातावाने बोललेल्यांचेही हात मांडीवर. अण्णा समोर बसलेला, सगळ्यांची नावं त्याच्या वहीत. तो काही बोलला नाही, धमकावलं तर मुळीच नाही. त्याला बोलायची गरजच नव्हती.

"मागाहून आडवी बाटली करू", म्हणजे बायकांच्या मतदानाने दुकान बंद पाडू, असं काहीजण म्हणतात. कायद्यात ती सोय आहे: 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान. पण दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, आलेल्यांपैकी नव्हे. आपल्या यादीत मुंबईकरणी किती ते मोज. तुझी आई आणि वहिनीसुद्धा अजून इथेच मतदार. जी मुंबईहून आली नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेल्यासारखंच. एकदा उघडलेलं दुकान आपल्या गावात मतदानाने बंद होणं कठीण आहे, म्हणून जे काही व्हायचं ते आत्ताच.

शहरात सोसायटीच्या आवारात असं दुकान काढायचं तर सोसायटीची एनओसी लागेल, असं सरकारने 2025 मध्ये विधानसभेत सांगितलं. वाडीला कुठली सोसायटी? तुम्ही सामायिक मालक, तीच इथली एनओसी. ज्यांची नावं वहीत नाहीत असे तुम्हीच.

अण्णाचं पोट मारायचं नाही. आम्ही होमस्टेवाल्यांनी ठरवलंय की पाहुण्यांचं सगळं सामान त्याच्याकडूनच घ्यायचं आणि रोखीने. त्याला सांगितलं तर हसला. "तुमच्या अंड्या-पावार माजो झील शिकतलो काय?" मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही भाडं थोडं कमी केलंत तर त्याला जरा श्वास मिळेल, बघ काकांशी बोलून.

तुला पत्र लिहितोय हे अण्णाला सांगून ठेवलंय, पाठीमागून काही नाही. काय ठरवशील ते तू स्वतः त्याला फोन करून सांग. सही करणार असलास तरी, नसलास तरी. मला मध्ये घालू नको, मला रोज सकाळी दूध त्याच्याकडूनच आणायचंय.

आईला नमस्कार, वहिनींना आठवण.

तुझा,
बाळा