मोळी दिसते, ट्रक दिसत नाही

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला 'हरित इंधना'वरचा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, कारण आपलीच काहीतरी समजूत घोटाळ्यात पडली असेल असं वाटलं. तसं नव्हतं.

लेखकांचं म्हणणं असं, की झाड तोडलं तरी पुन्हा येतं, म्हणून लाकूड जाळणं कार्बनच्या हिशेबात शून्य. सबब ज्या कारखान्यांनी बॉयलरला कोळसा बंद करून लाकूड घातलं, त्यांचं अभिनंदन. आणि लेखासोबत फोटो कोणाचा? डोक्यावर मोळी घेतलेल्या म्हातारीचा. खाली ओळ : 'सरपणासाठी होणाऱ्या तोडीमुळे जंगलांवर ताण'. म्हणजे बॉयलरमध्ये गेलं की ते हरित इंधन आणि चुलीत गेलं की जंगलावर ताण! पान लावणाऱ्याने निदान लेख तरी वाचायचा होता.

त्या म्हातारीच्या मोळीत काय असतं ते सांगतो. आमच्या घरी न्हाणीतल्या चुलीवर आजही पाणी तापतं. त्यात जातात नारळाच्या झावळ्या, सोडणं, करवंट्या, काजूच्या वाळलेल्या फांद्या, वादळात मोडलेला एखादा फाटा. कोयत्याने तुटेल तेवढंच. उभं झाड पाडून ते चिरून घरी आणणं साठीच्या पुढच्या बाईला जमतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा करून पाहावं. धुराचा त्रास आहे, खोकला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण डोंगर बोडका झाला तो या बायांमुळे नव्हे.

आता आमच्या डोंगराचं. वाडीच्या वरचा सर्व्हे नंबर सामाईक, सातबाऱ्यावर नावांची ही रांग, निम्मी मुंबईला. तिथल्या एका चुलतभावाने आपल्या हिश्शाचं रान फोनवरच ठेकेदाराला देऊन टाकलं. त्याचा हिस्सा, त्याचा हक्क, इथवर ठीक. पण कटर मशीन एकदा चालू झाली की तिला हिस्सा कळत नाही. आमच्या बाजूचे ऐन आणि किंजळ, ज्यांची कवळं (पानांच्या डहाळ्या) आम्ही वर्षानुवर्षं भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, काढत होतो, तेही आडवे झाले. तक्रार घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. साहेब शांतपणे म्हणाले, "तुमची झाडं कुठली ती दाखवा." झाडं ट्रकमधून घाटावर, बॉयलरच्या वाटेला, पोचली होती! बुंधे दाखवावेत तर त्यावर आधीच जेसीबी फिरवलेला. आमचा अर्ज अजून फायलीत आहे, बहुधा तोही पुन्हा उगवायची वाट बघत असेल.

ऐन आणि किंजळ ही दोन्ही झाडं १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीतली, म्हणजे मालकीच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. दंड किती? जास्तीत जास्त एक हजार रुपये. ऑगस्ट २०२४मध्ये मंत्रिमंडळाने तो पन्नास हजार करायचं ठरवलं, तेव्हा ओरड करणाऱ्यांत आमचे कोकणवालेच पुढे होते. त्यात खरे शेतकरीही होते हे मान्य, घराच्या डागडुजीला झाड तोडणाऱ्याला पन्नास हजार कुठले परवडायला? पण त्यांच्या आडून कोण बोलत होतं तेही आम्हाला ठाऊक आहे.

'झाड पुन्हा येतं' हे वाक्य लिहायला सोपं. येतं, पण कसं तोडलं त्यावर. आमचे वाडवडील जमिनीपासून थोडा बुंधा ठेवून तोडत. ऐन, किंजळ यांना त्या बुंध्यातून फुटवा येतो, आणि जुनी मुळं खोल असल्यामुळे तो भराभर वाढतो. डोंगराचे दहा-बारा तुकडे पाडून दरसाल एकच तोडला, तर शेवटच्या तुकड्यापर्यंत पोचेतो पहिला तयार होतो. याला लेखकांनी शाश्वत म्हटलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. आता एका हंगामात, दिवाळी ते शिमगा, सगळा डोंगर साफ होतो आणि वर जेसीबीने मुळासकट उपटून काजूची कलमं लावतात. फुटवा येणार कुठून? पावसाळ्यात वरची माती आणि खडी आमच्या खाचरात येते, ती मात्र न बोलावता.

बरं, आकडे लेखकांना आवडतात, तर आकड्यांतच बोलू. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीची, आयपीसीसीची, २००६ची मार्गदर्शिका जगभर वापरतात. तिच्यानुसार एक गिगाज्यूल उष्णता मिळवायला लाकूड जाळलं तर सुमारे ११२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, दगडी कोळशातून सुमारे ९५, नैसर्गिक वायूतून ५६. म्हणजे धुराड्याच्या तोंडाशी उभं राहिलात तर लाकूड कोळशाहून वाईट. 'शून्य' येतं कुठून? तर नियम असा, की हा कार्बन जाळण्याच्या जागी मोजायचा नाही, झाड तोडलं त्या जमिनीच्या खात्यावर घालायचा. दोनदा मोजला जाऊ नये म्हणून केलेला नियम, कल्पना वाईट नाही. पण आमच्या डोंगराच्या खात्यावर तो कोणी मांडला? तलाठ्याने? कारखान्याच्या अहवालात शून्य, गावच्या दप्तरात कोरं. उधारीवर माल नेऊन दुकानदाराच्या वहीत नावच न लिहिण्यातला हा प्रकार.

कोळशाची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. आमच्याच जिल्ह्यात जयगडला आयात कोळशावरचं १२०० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे, कोळसा म्हणजे काय ते आम्हाला पुस्तकातून शिकायचं नाही. कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला कार्बन वर काढला की तो माणसाच्या हिशेबात परत जात नाही, हा फरक खराच आहे. लाकडाचा कार्बन परत जाऊ शकतो. 'शकतो' एवढंच. मोठं झाड एका दुपारी जळतं, तेवढं पुन्हा व्हायला तीस-चाळीस वर्षं लागतात, आणि तापमान तोवर थांबणार नाही. इंग्लंडात यॉर्कशरचं ड्रॅक्स हे एकेकाळचं मोठं कोळशाचं वीजकेंद्र आता अमेरिका-कॅनडातून जहाजं भरभरून आणलेल्या लाकडी पेलेटवर (भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर) चालतं आणि कागदावर हरित ठरतं. त्यावर तिथे केवढं वादंग चाललंय. फेब्रुवारी २०२१मध्ये पाचशेहून जास्त शास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना आणि युरोपीय नेत्यांना पत्र लिहून विजेसाठी झाडं जाळू नका म्हणून विनवलं. आपल्या लेखात त्याची ओळही नाही.

ओल्या लाकडाचं तर विचारूच नका. ताज्या तोडीत जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं. आचेतली काही ते पाणी उडवण्यातच जाते, वर धूर वाढतो. वाळवून का देत नाहीत? कारण माल टनावर जातो. पाण्याचेही पैसे मिळत असताना ते वाळवील कोण?

उसाचं चिपाड गुऱ्हाळात जाळा, बगॅसवर (कारखान्यातल्या चिपाडावर) साखर कारखान्यात वीज करा, भुशाच्या कांड्या करून 'व्हाइट कोल' म्हणून विका, कोण नको म्हणतंय? औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर बायोमास जाळण्याचं केंद्राचं २०२१चं धोरणही शेतातल्या काडीकचऱ्यासाठीच आखलेलं आहे. कचरा वेगळा आणि उभा ऐन वेगळा, हे लेखकांना एकदा डोंगरावर नेऊन दाखवायला मी तयार आहे. चहापाणी माझ्याकडे. (चुलीवरचं चालेल ना?)

आणखी एक गंमत. जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बंद करून गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं. मुंबईच्या फुफ्फुसांची काळजी झाली, चांगलंच झालं. मात्र तेच लाकूड घाटावरच्या एखाद्या बॉयलरमध्ये गेलं की त्याचं अभिनंदन. धूर तोच, फक्त हुंगणारी माणसं वेगळी.

जाता जाता गॅसचंही लिहितो, कारण लेखात 'गॅस दारात आला तरी ग्रामीण महिला चूल सोडत नाहीत' असं एक वाक्य आहे. दारात? आमच्याकडे सिलिंडरची गाडी नाक्यापर्यंत येते. तिथून वाडी चढावर आहे. घरपोच म्हणून पावती फाडतात आणि सिलिंडर नाक्यावरच उतरवतात, पुढे रिक्षाचे पैसे आपले. पावसाळ्यात रिक्षाही वर येत नाही. उज्ज्वलाचं कनेक्शन २०१६पासून घरोघर गेलं, शेगडीही आली, पण १४.२ किलोचा गॅस आणि त्याहून जड टाकी डोक्यावरून वर आणायची कोणी? त्याच म्हातारीने? वितरकाला विचारलं, तर म्हणाला वरून गाडी वाढवून मिळत नाही. 'वर' म्हणजे कोण, हे आपल्या वार्ताहराने शोधून छापलं तर आमच्या वाडीतल्या बायका आपला अंक विकत घेतील. एरवी तो आमच्याकडे दुसऱ्या दिवशी येतो.

आपला,
एक वाचक, जि. रत्नागिरी